चि. सौ. कां. आणि आठ किलोमीटर

मुलुंड (पूर्व),
गुरुवार, दुपारी दीड

तीर्थरूप दत्ताराममामा यांस,

सुयोगचा साष्टांग नमस्कार. (जमिनीवर पालथा पडूनच लिहितोय, कारण टेबलावर जागा नाही. का नाही ते पुढे येईल. पण नमस्कार खरोखर आठही अंगांनी घडलाय याची नोंद घ्यावी.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? तांबी गाय व्याली का, आणि पाडी झाली की पाडो? आम्ही इथे सगळे बरे आहोत. आई बरी आहे. बाबा बरे आहेत असं आईकडून कळतं. मी कॉलेज सोडल्यापासून आमचं एकमेकांशी बोलणं तिच्यामार्फत चालतं, म्हणजे ते तिला म्हणतात "त्याला विचार जेवणार का" आणि मी तिला म्हणतो "त्यांना सांग जेवणार", आणि आम्ही तिघं एकाच ताटाभोवती बसलेले असतो. तुम्ही चौतीस वर्षं टपाल वाटलंत, मोबाईलवर आलेला निरोप तुम्हाला निरोप वाटत नाही, हे ठाऊक असल्यामुळे कागदावर लिहितोय. अक्षराकडे दुर्लक्ष करा, मजकुराकडेही थोडं करा, पण ता. क. मात्र चष्मा लावून वाचा.

तर मामा, माझं आयुष्य अकरा जुलैला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बदललं. त्या वेळी झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला.

आईने तुम्हाला कळवलंच असेल (ती कळवताना बरंच गाळते) की मी कॉलेज सोडलं पण कॉलेजचं गेट काही सोडलं नाही. गेटच्या बरोबर समोर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फ्लेक्स बॅनरचं दुकान आहे, तिथे मी काउंटरला असतो. जी जर्नल्स मी स्वतः कधी पूर्ण केली नाहीत ती आता रोज चाळीस पोरांना पूर्ण करून देतो. आत मोठ्या मशीनवर सम्यक असतो, घाटकोपरचा, डोक्याने शांत. मी गिऱ्हाइकावर भडकलो की तो आतून नुसतं "भावा" म्हणतो आणि मी पाच मिनिटं गप्प बसतो. तर त्या दिवशी पहिल्या वर्षाची एक मुलगी खेळाडूंचा पात्रता फॉर्म घेऊन आली. फॉर्म मशीनमध्ये गेला तो परत येईना. दुसरी कोणी असती तर "किती वेळ, किती वेळ" सुरू झालं असतं. हिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पिशवी काउंटरवर ठेवली आणि दुकानासमोर जागच्या जागी धावायला लागली. इकडे मी मशीन उघडून कोपरापर्यंत शाईत, आणि तिकडे ती, निळे बूट, धावतेय धावतेय आणि कुठेच जात नाहीये. मशीन बंद होतं तरी मला गरम व्हायला लागलं. नवव्या मिनिटाला फॉर्म निघाला, तिच्या फोटोवर डोळ्यांच्या खाली आडवी काळी पट्टी घेऊन. "दादा, फोटो बाद झाला ना," ती म्हणाली. त्या 'दादा'कडे मी दुर्लक्ष केलं. (सुरुवातीला सगळ्याच म्हणतात.) नाव श्रुतिका जयवंत घाडी, राहणार विक्रोळी, बारावीला असताना जिल्ह्यात तीन हजार मीटरला कांस्यपदक. हे कांस्यपदक लक्षात ठेवा मामा, सगळी वाट त्यानेच लावली.

आता या पहिल्या वर्षाच्या पोरींबद्दल सांगायला हवं. आमच्या कॉलेजात लांब पल्ल्याचे धावणारे दर वर्षी येतात आणि दर वर्षी हर्षद सर (खेळाचे सर, यांच्याविषयी मी शिव्या न देता लिहायचं ठरवलंय, मामीही हा कागद वाचणार आहे) जुलैतच जाहीर करतात की यंदा ट्रॉफी आपली. यंदा त्यांच्याकडे अशा दोन पोरी होत्या: ही श्रुतिका, आणि सम्यकच्या शेजारच्या बिल्डिंगमधली प्रियंका. अजून एकही शर्यत झालेली नव्हती. तरी नोटीस बोर्डावर दोघींचे फोटो, कँटीनमध्ये दोघींच्या वेळांवर वाद, आणि चहाच्या टपरीवर ज्यांनी आयुष्यात धावून फक्त बस पकडली, तीही सुटलेली, असे लोक सांगत होते की घाडीचा पाय उचलायचा वेग बघ, सप्टेंबरात पहिली, डिसेंबरात राज्याला, पुढच्या वर्षी देशाला. एकाने तर तिला नोकरीही लावून दिली, रेल्वेत.

माझं डोकं तापायचं ते यावर. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच बोर्डावर माझा फोटो होता. शाळेत मी तीन वर्षं पहिला, त्यामुळे सरांनी मला पहिल्या वर्षाला असतानाच "भावी विजेता" करून टाकलं. (आमच्याकडे 'भावी' हा शब्द जपून घ्यावा लागतो. आमच्या नाक्यावर एक गृहस्थ तीन निवडणुका भावी नगरसेवक आहेत, आता त्यांची मुलंही तेच आडनाव लावतील असं वाटतं.) हंगामातली पहिली शर्यत दहा किलोमीटरची. सगळ्यांनी सांगितलंय की मी पहिला येणार, म्हणून मी पहिल्यापासूनच पहिला धावलो, कुत्रा मागे लागल्यासारखा. चौथ्याला दुसरा झालो, पाचव्याला अकरावा, आणि सहाव्याला एका शहाळेवाल्याच्या स्टुलावर बसलो तो बसलोच. निकालाच्या कागदावर माझं नावच नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सर म्हणाले, "फुगा होता रे." मी छातीवरचा नंबर खिशात घेऊन हिंडत होतो, तो काढून त्यांच्या चहात बुडवला आणि तसाच कॉलेजातून बाहेर पडलो. नंबर एकवीस होता. चहा कटिंग होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून मी श्रुतिकाला सावध करायचं ठरवलं. ती दर दोन दिवसांनी कसल्या ना कसल्या झेरॉक्सला यायची. एकदा धीर करून म्हटलं, लोक काहीही बोलतील, अपेक्षा म्हणजे पाठीवरची जड पिशवी असते, ती उतरवून ठेवायची आणि धावायचं. ती म्हणाली, "ठेवली. आता दोन्ही बाजूंनी काढून दे." हे वाक्य मी तिच्यासाठी आठ दिवस घासत होतो, मामा.

आणि एवढं सगळं कळणाऱ्या माणसाने, म्हणजे मी, तिच्या पहिल्या शर्यतीच्या आधी विक्रोळीत तिच्या चाळीच्या तोंडाशी बारा फूट बाय सहा फुटांचा फ्लेक्स लावला.

शर्यत मनोरीला होती, तिथल्या एका मंडळाची, मुलींची आठ किलोमीटर. सरांनी जाहीर केलेलं की आपल्या कॉलेजच्या ज्या पहिल्या सहा मुली येतील त्याच यंदाच्या संघात. पोरींना घेऊन ते गुरुवारीच मार्व्याहून खाडीतली तर पकडून मनोरीला सरावाला गेले. मला वाटलं, रविवारी ही जिंकून घरी येईल तेव्हा चाळीच्या तोंडाशी स्वतःचं नाव दिसलं पाहिजे. सम्यकने संगणकावर 'शुभ' नावाचा जुना साचा उघडला. दोन बाजूंना केळीचे खांब, वर गणपती, खाली कलश. साच्यात फोटोचे गोल दोन होते. एकात तिचा टाकला. दुसरा रिकामा ठेवला तर पडलेल्या दातासारखा दिसायला लागला, म्हणून त्यात माझा टाकला, शुभेच्छुक म्हणून. मजकूर मी सांगितला. आणि इथे मामा, मला स्पष्ट बोलू द्या, थोडी चूक तुमचीही आहे. मुलीच्या नावामागे नुसतं 'कु.' फार शाळकरी वाटत होतं. माझ्या पाकिटात तुमच्या अपूर्वाच्या लग्नाची पत्रिका होती (पत्ता लिहायला घेतलेली, मग राहून गेली), तिच्यात अपूर्वाच्या नावामागे होतं 'चि. सौ. कां.'. चि. म्हणजे चिरंजीव, हे कोणीही सांगेल. सौ. म्हणजे सौजन्य, प्रत्येक बॅनरवर खाली असतंच. आणि कां. म्हणजे कांस्य. तुम्ही हसाल, पण अपूर्वाला तालुक्यात लंगडीला तिसरा नंबर होता की नाही? मी स्वतः आलेलो बघायला. म्हटलं, मामांनी मुलीचं पदक किती अभिमानाने पत्रिकेत घातलंय. श्रुतिकाला तर जिल्ह्याचं कांस्य. (जिंकली की पुढच्या फ्लेक्सवर 'चि. सौ. सु.' करायचं असंही मी सम्यकला सांगून ठेवलेलं.) सम्यकने एकदा विचारलं, "भावा, पक्कं ना? तुमच्यातलं मला काय कळत नाही, तू सांगशील ते टाकतो." मी म्हटलं, टाक. तर तो मजकूर असा:

॥ श्री ॥
भावी विजेती
चि. सौ. कां. श्रुतिका जयवंत घाडी
हिच्या नव्या वाटचालीस हार्दिक शुभेच्छा
रविवार, सकाळी ६ वा. ४५ मि.
स्थळ: मनोरी
शुभेच्छुक: चि. सुयोग

'भावी विजेती' जरा बारीक अक्षरात होतं, आणि त्याच्यावर विजेच्या खांबाची तार आली.

शुक्रवारी सकाळपासून त्या चाळीत काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. श्रुतिकाचे वडील जयवंतराव कंपनीत फोरमन, रात्रपाळी करून येत होते. ते फ्लेक्सखाली डबा हातात घेऊन किती तरी वेळ उभे राहिले असं पानवाला सांगतो. मुलगी सरावाला जातेय असं सांगून गेली होती; सराव कसला, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या आत्या, सुनंदाबाई, यांना मुलगी पळून लग्न करतेय याचा राग नव्हता, त्यांना राग होता की सख्ख्या आत्याला हे फ्लेक्सवरून कळावं. शिवाय स्थळ मनोरी. तिथे बंगल्यांवर हल्ली लग्नं होतात हे चाळीत सगळ्यांना माहीत. मुहूर्त पावणेसातचा, म्हणजे प्रकरण घाईचं, असाही एक विचार पुढे आला. श्रुतिकाचा फोन सरांनी सरावासाठी काढून घेतलेला, तो बंदच लागायचा, त्याने खात्रीच झाली. शनिवारपर्यंत चाळीत दोन पक्ष पडले. जयवंतरावांचा पक्ष लग्न मोडायला जाणार, सुनंदाबाईंचा पक्ष लग्नाला जाणार. पण टेम्पो एकच मिळाल्यामुळे दोन्ही पक्ष एकाच टेम्पोतून पहाटे मार्व्याकडे निघाले. आणि मी फ्लेक्सवर सगळं लिहिलं मामा, फक्त एक ओळ राहिली, आहेर स्वीकारला जाणार नाही. एवढी एक असती तर आज मी टेबलावर बसून लिहीत असतो.

मी पहिल्या तरीनेच गेलेलो. जेट्टीच्या वळणावर सहावा किलोमीटर येतो (माझा जुना दुश्मन), तिथे ग्लुकोजचं पाणी घेऊन उभा राहिलो. अंगात पांढरा झब्बा, तोच, अपूर्वाच्या लग्नातला, कारण तो घातला की माझं चांगलं होतं अशी माझी समजूत होती. हातात झेंडूचे दोन हार. एक श्रुतिकाला, आणि एक सरांना, चहाबद्दल. तुम्ही डोळ्यांसमोर आणा: पांढरा झब्बा, दोन हार, आणि समोरून तर लागतेय, तिच्यातून काठापदराच्या साड्या उतरतायत.

त्यांतल्या एक जाडशा बाई (याच सुनंदाबाई) सरळ माझ्याकडे आल्या. फ्लेक्सवरचा चेहरा त्यांनी पाठ केला होता. वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, काय करतोस? म्हटलं, झेरॉक्स काढतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळा दुसऱ्याचा. तुझा असा काय आसा?" मामा, दोन वर्षांत बाबांनी मला जे विचारलं नाही ते या बाईंनी अर्ध्या मिनिटात विचारलं. मी उत्तर शोधतोय तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात दूध तापवायचं भांडं दिलं. त्यांच्या मागच्याने घड्याळ दिलं. मी म्हणत होतो अहो कसलं, अहो ऐका, पण देणाऱ्यांची रांग लागली की घेणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

एवढ्यात वळणावरून आघाडीच्या दोघी आल्या. प्रियंका आणि श्रुतिका, खांद्याला खांदा, मागे शंभर मीटर कोणी नाही. सांगतो मामा, टपरीवरचे सगळे गाढव आहेत पण पायाबद्दल खोटं बोलत नव्हते. सुनंदाबाईंना मात्र दिसलं ते असं की आपली नवरी अर्ध्या चड्डीत, छातीला सतरा नंबर लावून, मांडवातून जीव घेऊन निघालीय. त्या ओरडल्या, "अगो बाय, चेडू पळता हा. धरा तेका."

"श्रुतिका, थांब," जयवंतराव गरजले.

तिने मान वळवली. आणि तिला काय दिसलं? आपले बाबा, जे शाळेपासून एकदाही तिची शर्यत बघायला आले नाहीत, ते आज कंपनीच्या शर्टात, काळ्या बुटांत, सगळी चाळ घेऊन मनोरीला आलेत. 'थांब' तिला ऐकूच गेलं नाही. ती हसली आणि सुटली. शंभर मीटरांत तिने प्रियंकाला वीस मीटर मागे टाकलं. मुलगी थांबत नाही म्हटल्यावर जयवंतराव धावायला लागले, ते धावतायत म्हणून त्यांचा पक्ष, आणि तो पक्ष आधी पोचेल म्हणून सुनंदाबाईंचा पक्ष. कोणीतरी अक्षता वाटलेल्या होत्याच, त्या कोणीतरी टाकल्या, मग सगळ्यांनी टाकल्या. मागून येणाऱ्या पाच-सहा कॉलेजांच्या पोरींवर त्या पडल्या आणि एकीने धावता धावता नमस्कारही केला. मंडळाचे स्वयंसेवक गोंधळले, त्यांनी चाळीलाही पाणी दिलं. मिक्सरचा खोका खांद्यावर घेतलेला एक इसम आमच्याच कॉलेजच्या दोघींच्या पुढे निघून गेला, हे मी स्वतः पाहिलं. मीही धावत होतो, हातात भांडं, घड्याळ, ग्लुकोजचं पाणी आणि दोन हार.

सातव्याच्या अलीकडे जयवंतराव एका पालथ्या होडीवर बसले, हात पोटावर. मागचे ओरडले. श्रुतिकाने पुन्हा वळून पाहिलं. मामा, ती पहिली होती, एकटी, समोर रिकामा रस्ता. ती थांबली, वळली आणि उलटी धावत आली. शंभर, दीडशे, दोनशे मीटर. प्रियंका बाजूने गेली, मग दुसरी, मग तिसरी. माझ्या हातातलं ग्लुकोजचं पाणी हिसकावून तिने बाबांना पाजलं. पोटात नुसती कळ आलेली. दम परतल्यावर जयवंतरावांनी विचारलं, "लग्न कधी ठरवलंस?"

"कुठलं लग्न?"

"तुझं. बाहेर छापलंय एवढं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग हारांकडे. म्हणाली, "बाबा, मी पहिली होते." आणि परत धावायला लागली.

सातवी आली. आमच्या कॉलेजात सातवी. संघात सहा.

जयवंतराव अजून होडीवरच होते. त्यांनी स्वयंसेवकाला विचारलं, ती खरंच पहिली होती का. मग सुनंदाबाईंना विचारलं. मग मला विचारलं, म्हणजे माझ्यावर हात उगारता उगारता विचारलं, मी हो म्हटल्यावर हात तसाच वर राहिला. मग उठले आणि गेले सरांकडे. लग्न मोडायला आलेला माणूस मामा, चाळीस मिनिटं सरांशी भांडला. "ती माझ्यासाठी परत आली म्हणून सातवी. मी बसलो नसतो तर?" सर म्हणाले, काका, शर्यतीत असं चालत नाही. जयवंतराव म्हणाले, "मग कशात चालतं ते सांगा, तिथे घालतो पोरीला." शेवटी सरांनी कबूल केलं: येत्या नाही, पुढच्या रविवारी बोरिवलीला सहाव्या आणि सातव्या मुलीची पुन्हा चाचणी. जी पुढे, ती संघात. जाता जाता सरांची नजर माझ्यावर पडली. मी हार पुढे केला. ते म्हणाले, "तूच का रे तो चहातला?" हार घेतला मात्र.

मंगळवारी श्रुतिका दुकानात आली. फ्लेक्स काढून, घडी करून आणलेला, तो काउंटरवर टाकला. मला वाटलं आता संपलं. तिने विचारलं, "कां. म्हणजे काय रे?" मी खरं ते सांगितलं, कांस्य. आतून सम्यकच्या मशीनचा आवाज बंद झाला. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि इतकी हसली की उचकी लागली. (मला अर्थ तेव्हा कळला. सौभाग्यकांक्षिणी. हे एवढं लांब असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.) मग हसू थांबलं आणि म्हणाली, "सुयोग, माझी जागा गेली." दादा नाही, सुयोग. नको त्या वाक्यात का होईना. "तुझ्यामुळे गेली. तूच मिळवून देणार. पुढच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी पाचला माझ्याबरोबर धावायचं. मला पुढे कोणीतरी लागतं."

मी म्हटलं मी दोन वर्षं धावलेलो नाही. तिने विचारलं, तेव्हा सहाव्याला का बसलास? (कोणीतरी तिला सांगितलेलं.) म्हटलं, सगळ्यांनी सांगितलेलं मी पहिला येणार. पहिला येत नाही असं कळल्यावर उगाच कशाला धावायचं? ती म्हणाली, "उरलेलं संपवायला. चार किलोमीटर आहेत ना तुझे अजून तिथेच." मला राग यायला हवा होता. आला नाही. तपासून बघितलं, नाहीच.

काल पहिला दिवस. मी तिच्या पुढे एकूण सव्वा मिनिट होतो. नंतर तिने मैदानाला फेऱ्या मारताना मला दोनदा मागे टाकलं आणि दुसऱ्यांदा पाठीत एक चापटी मारून गेली. वेळ मी मोजतो. टेबलावर आहेरात आलेली भिंतीवरची पाच घड्याळं आहेत आणि पाचही वेगळी वेळ दाखवतात. जे सगळ्यात हळू चालतं ते मी मैदानावर नेतो, त्यात तिची वेळ सगळ्यात चांगली येते. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

असो. खूप लिहिलं. मामीला नमस्कार, अपूर्वाला आशीर्वाद, आणि तिला सांगा की तिचं लंगडीतलं यश मी कधी विसरलो नाही. थंडीत गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचा,
सुयोग

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. टेबलावर, पलंगाखाली आणि आईच्या पिठाच्या डब्यावर मिळून एकतीस आहेर आहेत. आईला दुकानाचा माल म्हणून सांगितलंय. ते परत करायचेत, पण त्यांच्यावर नावं आहेत ती अशी: 'मामा-मामी', 'तिसऱ्या मजल्यावरून', 'बाळूच्या घरून', आणि एकावर नुसतं 'आम्ही'. त्या चाळीत माझ्या माहितीप्रमाणे चार बाळू आहेत. जोवर हे परत जात नाहीत तोवर श्रुतिका सरावाला निघाली की दहा जण विचारतात तारीख कधी, आणि तिचं लक्ष उडतं. मामा, अर्धवट पत्त्याची पत्रं बरोबर घरी पोचवणारा माणूस आमच्या सगळ्या कुळात एकच आहे. पुढच्या शनिवारच्या आत या. जुना खाकी शर्ट असेल तर घालूनच या, लोक पटकन विश्वास ठेवतील.

ता. क. २. जयवंतराव म्हणालेत, घरातलं कोणी मोठं माणूस पाठव, त्याने चाळीसमोर सांगावं की लग्नबिग्न काही नाही. बाबांना यातलं ठाऊक नाही, तेव्हा तेही तुम्हीच सांगायचं. फक्त एक विनंती. सांगा जरूर, पण फार ठासून सांगू नका. 'सध्या' हा शब्द कुठेतरी बसतो का बघा.

ता. क. ३. सोबत कॉलेजात परत प्रवेश घेण्याचा फॉर्म आहे. पालकांच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलीय. हा मी श्रुतिकासाठी भरत नाहीये. (प्रत ठेवली आहे.) सुनंदाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचंय, म्हणून. वर लिहिलं ना की बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यात एक दुरुस्ती. काल संध्याकाळी पाचही घड्याळं एकामागून एक वाजली तेव्हा ते दोन वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, "बंद कर ती." मी "हो बाबा" म्हटलं. आई मध्ये नव्हती. फॉर्म त्यांच्यासमोर ठेवणार होतो, धीर झाला नाही. तुम्ही आलात की तुम्ही ठेवा.

ता. क. ४. खालून शिट्टी झाली. पाच वाजले (सगळ्यात पुढच्या घड्याळात), म्हणजे ती आलीय. बूट घातले. हे चप्पल-स्टँडवर कागद ठेवून लिहितोय. तिने दुसरी शिट्टी मारलीय, तिसरीला ती थांबत नाही. बाहेर आलो. दार ओढून घेतलं. आता कागद दारावर टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. किल्ली आत राहिली. पोस्टाची तिकिटंही आतच, तेव्हा हे पत्र तुमच्याकडे नॉटपेड येईल (पैसे तुम्हीच भरायचे), तुमच्यासारख्याला ते किती लागेल हे मला कळतंय, पण आता मागे फिरत नाही.